गोवा बुडणार की तुंबणार?

पावसाळा आला की मोबाइलवर गोव्याचा एक नकाशा फिरायला लागतो. चोडण, दिवाडी, कुंभारजुवे, मांडवी-जुवारीच्या काठची शेतं, सगळं लालेलाल; आणि खाली ओळ, '2050 साली हा भाग पाण्याखाली'. यंदाही तो आला आणि दोन दिवस घराघरांत गोवा बुडाला.

त्या लाल पट्ट्यातली बरीचशी जमीन आजच भरतीच्या पातळीच्या खाली आहे. आज म्हणजे शतकानुशतकं. बांदोड्याला सापडलेल्या, कोकणच्या मौर्यांच्या काळातल्या ताम्रपटातसुद्धा खाजन जमिनीचा, म्हणजे बांध घालून खाडीपासून राखलेल्या अशा शेतजमिनीचा, उल्लेख आहे. असे नकाशे जमिनीची उंची आणि पाण्याची अपेक्षित पातळी यांची तुलना करतात. मधला मातीचा बांध त्यात सहसा धरलेला नसतो, आणि बांधातलं लाकडी दार तर नसतंच. मला बोलायचं आहे ते त्या दाराबद्दल, कारण हवामानबदलाचा गोव्यातला खरा हिशेब तिथे मांडला जातो.

खाडीकाठची खारफुटीची दलदल बांध घालून अडवली की आत खाजन तयार होतं. गोव्यात अशी सुमारे 18 हजार हेक्टर जमीन आहे. आत भातशेती, शेताच्या कडेने पाणी साठवणारी खोलगट पोंय, आणि बांधाला जागोजागी मानस, म्हणजे पाणी बाहेर सोडणारी दाराची चौकट. मानशीचं दार फक्त नदीकडे उघडतं. ओहोटीला नदी खाली गेली की आतलं पाणी दार ढकलून बाहेर पडतं. भरती चढली की नदीचं पाणी तेच दार चौकटीवर दाबून बंद करतं. हृदयातली झडप करते तेच काम. वीज नाही, मोटर नाही, रखवालदाराने मध्यरात्री उठून काही फिरवायचं नाही.

ओहोटीच्या वेळी मानशीवर उभं राहून पाहा. दाराच्या खालच्या अंगाला कालवं चिकटलेली, फळ्यांमधून फेसाळ पाणी सुटलेलं, पुढ्यात मासळीचं जाळं ताणलेलं. मग भरती वळते, पाणी क्षणभर थबकतं आणि दार धपकन लागतं. दोन्ही बाजूंच्या पातळीत वीतभर फरक पडला, की बुडलेल्या एक मीटर लांब आणि एक मीटर रुंद दारावर साधारण 200 किलो वजनाइतका रेटा येतो. तेवढ्यानेच फळ्या चौकटीवर घट्ट बसतात.

आता समुद्राकडे वळू. पृथ्वी विज्ञान मंत्रालयाच्या 2020च्या अहवालानुसार उत्तर हिंदी महासागराची पातळी 1993 ते 2015 या काळात वर्षाला साधारण 3.3 मिलिमीटर चढली. हे ऐकून माणसं हसतात; तीन मिलिमीटरने काय होतंय? आणि बांध मीटरभर उंच असेल तर तो ओलांडायला कित्येक शतकं लागतील, असंही म्हणतात. बांधाच्या बाबतीत ते बरंचसं पटण्यासारखं आहे. दाराच्या बाबतीत मात्र उंची मोजून चालत नाही, तास मोजावे लागतात.

एक सोपा हिशेब करू. समजा नदीची पातळी सरासरीच्या एक मीटर वर आणि एक मीटर खाली अशी लयीत हलते. उधाणाच्या, म्हणजे मोठ्या भरती-ओहोटीच्या, दिवसांत गोव्यात वर-खाली मिळून सुमारे सव्वादोन मीटरचा फरक पडतो, त्यामुळे हे धरायला हरकत नाही. एका भरतीपासून पुढच्या भरतीपर्यंत 12 तास 25 मिनिटं. शेतातलं पाणी आपल्याला सरासरी पातळीच्या अर्धा मीटर खाली ठेवायचं आहे. नदी त्याच्याही खाली जाईल तेवढाच वेळ दार उघडं. शाळेतली कोसाइनची वक्ररेषा आठवा: उणे एकच्या तळाशी, उणे अर्ध्याच्या खाली, ती एकूण वेळाच्या एक तृतीयांश असते. म्हणजे साधारण 4 तास 10 मिनिटं.

आता समुद्र 20 सेंटिमीटरने चढवा. आजच्याच वेगाने याला साठ वर्षं लागतील, आणि वेग वाढतो आहे. शेत जागेवरच आहे, म्हणून ते आता सरासरीच्या 70 सेंटिमीटर खाली गेलं. वक्ररेषा तळाला वळून लगेच वर येते, त्यामुळे दार उघडं राहायचा वेळ उरतो 3 तास 10 मिनिटं. एक तास गेला. शिवाय पाणी किती जोरात बाहेर पडेल ते आतल्या-बाहेरच्या पातळीतल्या फरकाच्या वर्गमुळावर ठरतं. पूर्वी हा फरक जास्तीत जास्त 50 सेंटिमीटर व्हायचा, आता 30. वेळही कमी, जोरही कमी. दोन्ही गुणले की एका ओहोटीत बाहेर पडणारं पाणी जवळपास चाळीस टक्क्यांनी घटतं. बांधावरून मात्र थेंबही आत आलेला नाही!

भांगाचे, म्हणजे लहान भरती-ओहोटीचे, दिवस त्याहून कठीण. तेव्हा नदी समजा 60 सेंटिमीटर वर, 60 खाली अशीच हलते. जुन्या पातळीला दार दर ओहोटीला सव्वादोन तास तरी उघडतं. समुद्र 20 सेंटिमीटर चढल्यावर ते उघडतच नाही. सलग काही दिवस. त्यात पावसाळ्यात नदीच फुगलेली असते.

त्याच दिवसांत पाऊस धरला तर? हवा एक अंश सेल्सियसने तापली की तिच्यात सुमारे सात टक्के जास्त बाष्प मावतं, म्हणून जोराचा पाऊस आणखी जोराचा होतो. शंभर हेक्टर खाजनावर एका दिवसात 200 मिलिमीटर पडला तर ते पाणी होतं 20 कोटी लिटर, डोंगरावरून येणारं वेगळंच. दार बंद असताना हे जाणार कुठे? पोंयीत. म्हणून पोंय बुजवून रस्ता किंवा घरं करणं म्हणजे दाराच्या हातचे उरलेसुरले तास काढून घेणं. किनारी भागातल्या बांधकामांवर बंधनं घालणाऱ्या सीआरझेडच्या 2011च्या अधिसूचनेत खाजन जमिनीत विकासकामांना मनाई आहे, तरी भराव पडतच असतात, आणि हे पाहून मला खरोखर संताप येतो.

तुंबलेलं पाणी उतरलं नाही तर सरदचं, म्हणजे पावसाळी, भात कुजतं. दार गळकं असेल, किंवा मासळीच्या लोभाने कुणी ते भरतीला उघडं ठेवलं, तर खारं पाणी आत शिरतं. कोरगुटासारखं भात मीठ बरंच सोसतं. जुन्या गोव्याच्या कृषी संशोधन संस्थेने त्यातूनच गोवा धान 1 आणि 2 निवडून काढले. पण मीठ सोसणारं रोप पाण्याखाली श्वास घेऊ शकत नाही. बांध फुटून शेत एकदा पडीक राहिलं की खारफुटीची रोपं भरतीबरोबर आत येऊन रुजतात. पुढे ती तोडायला कायदा आडवा येतो. बांधाबाहेरची खारफुटी लाटा थोपवते, ती हवीच. शेतात वाढलेली खारफुटी म्हणजे निसर्ग परतला, असं म्हणून टाळ्या वाजवणाऱ्यांनी त्या शेतकऱ्याशी एकदा बोलावं.

बांध फुटला की राखणदार, म्हणजे जागेची राखण करणारा देव, कोपला, असं अजून ऐकू येतं. राखणदाराला नारळ ठेवणाऱ्या जुन्या गावकऱ्यांनी त्याच हातांनी दरवर्षी खेकड्यांची बिळं बुजवली, बांधाला चिखल लावला. नारळ राहिला, चिखल सुटला. गावकरीकडून, म्हणजे गावची सामाईक जमीन सांभाळणाऱ्या जुन्या संस्थेकडून, हे काम जमीन कसणाऱ्या कुळांच्या संघटनांकडे गेलं आणि शेती परवडेनाशी झाल्यावर अनेक ठिकाणी कुणाकडेच उरलं नाही. त्या लाल नकाशाचा परिणामही तोच होतो: सगळं बुडणारच असेल तर दार कशाला दुरुस्त करायचं?

वर केलेल्या हिशेबातच यावरचे उपाय आहेत. वेळ घटणार असेल तर रुंदी वाढवायची: दोन दारांच्या मानशीला तिसरं दार जोडलं की गेलेलं पाणी बरंचसं भरून निघतं. भांगाच्या दिवसांसाठी पोंय उपसून खोल करायची आणि अगदीच अडलं तर पंप लावायचा. सुरुवात मात्र एका वहीने होईल. प्रत्येक मानशीवर दार किती वाजता उघडलं आणि किती वाजता लागलं, उधाणाला आणि भांगाला, एवढंच पंचायतीने किंवा कूळ संघटनेने लिहून ठेवायचं. पाच-दहा वर्षांत आपल्या गावाचे किती तास गेले ते त्यातून कळेल आणि तिसरं दार कोणत्या मानशीला आधी लावायचं तेही.