प्रवाळ मत्स्यालयाच्या दिव्याचे संरक्षक आवरण

समुद्री मत्स्यालयावर टांगलेल्या दिव्याला खारे तुषार, मीठ आणि दमट हवा लागू नये म्हणून त्याच्या तोंडाशी बसवलेली काचेची किंवा ॲक्रिलिकची पारदर्शक तावदानवजा पट्टी. मत्स्यालय पाळणारे तिला ‘कव्हर’ म्हणतात, काही नुसतेच ‘काच’. टाकीवर ठेवायचे झाकण ही वेगळी वस्तू. झाकण पाणी झाकते, आवरण दिवा झाकते. कोकणच्या उकाड्यात हा फरक महत्त्वाचा ठरतो. पाण्याची वाफ होताना टाकीतली उष्णता निघून जाते; टाकी झाकणाने बंद केली की ती वाट बंद होते आणि पाणी तापते. प्रवाळांना साधारण २४ ते २७ अंश सेल्सियस तापमान मानवते, म्हणून टाकी उघडी ठेवून दिवा झाकणे हाच शहाणपणाचा मार्ग. मासे उडी मारणारे असतील तर वर बारीक जाळी पुरते.

गोड्या पाण्याच्या टाकीत आवरण नसले तरी सहसा निभावून जाते. समुद्राच्या एक किलो पाण्यात मात्र सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. उडालेला थेंब सुकतो, मीठ राहते, आणि ते स्वस्थ बसत नाही. हवेतली ओल ओढून घेऊन ते पाझरते, विजेला नको तिथे वाट करून देते, तांबे, ॲल्युमिनियम आणि डाख खात सुटते. वायर दिव्यात शिरते त्या भोकाशी फुलकोबीच्या तुऱ्यासारखा पांढरा फुलोरा दिसू लागला आणि त्याच्या मुळाशी हिरवट झाक असली, तर आतले तांबे गंजायला लागले आहे असे समजावे.

हे तुषार येतात ते मुख्यतः बुडबुड्यांतून. बुडबुडा पृष्ठभागावर फुटताना सूक्ष्म थेंब वर भिरकावतो. लाटांच्या फेसातून हवेत मीठ मिसळते तेही याच रीतीने. वीज जाऊन आली की हा प्रकार डोळ्यांनी पाहता येतो. पंप बंद असताना नळीत साठलेली हवा पंप सुरू होताच फसफसत बाहेर पडते आणि दिव्याच्या तोंडावर काही क्षणांत ठिपके उठतात. पावसाळ्यात कोकणात दिवसातून किती वेळा वीज जाते-येते हे इथे राहणाऱ्याला सांगायला नको.

दिवा उंच टांगून हा प्रश्न सुटला असता, पण प्रवाळांना तो जवळच हवा असतो. त्यांच्या ऊतींत सूक्ष्म शैवले राहतात, त्यांनी प्रकाशावर तयार केलेल्या अन्नावर प्रवाळांचा मोठा निर्वाह चालतो. विजयदुर्गच्या पश्चिमेस सुमारे १०५ किमीवर असलेल्या आंग्रिया बँक या समुद्रात बुडालेल्या प्रवाळ-पठाराचा माथाच पाण्याखाली सुमारे २० मीटर आहे. तिथे पोचेपर्यंत तांबडा प्रकाश पाण्याने बहुतांश शोषलेला असतो, उरतो तो निळा. प्रवाळांचे दिवे निळसर असतात त्यामागे हेच कारण. असा प्रखर दिवा पाण्यापासून बहुधा वीतभर ते हातभर अंतरावर रोज ८ ते १० तास जळतो. मिठाला आणखी काय हवे?

आवरणाचे काम दिव्याच्या जातीनुसार बदलते. मेटल हॅलाइड म्हणजे धातूच्या क्षारांच्या वाफेतून वीज नेऊन उजेड देणारा प्रखर दिवा. त्याच्या दोन्ही टोकांना जोड असलेल्या बल्बला बाहेरचा काचेचा फुगा नसतो. आतल्या क्वार्ट्‌झच्या नळीतून अतिनील किरण थेट बाहेर पडतात, प्रवाळ भाजतात आणि माणसाच्या डोळ्यांनाही इजा होते. तिथे काच ही सोय नसून सक्ती आहे. शिवाय बल्ब फुटलाच तर तुकडे तिच्यावरच अडतात. ही काच कडक केलेली म्हणजे टफन्ड हवी. खिडकीची साधी काच तापलेली असताना गार थेंब पडला की तडकते. टफन्ड काच नंतर कापता येत नाही, म्हणून माप आणि भोके काचवाल्याला आधीच द्यावी लागतात. एलईडीची उष्णता बहुतेक मागच्या बाजूने निघते, तोंड तुलनेने गार राहते, त्यामुळे तिथे ॲक्रिलिक चालते. मात्र पट्टी दिव्याला सर्व बाजूंनी चिकटवून हवेच्या जाळ्या बुजवल्या तर मिठाने मरायचा दिवा उष्णतेने मरतो.

ॲक्रिलिकमधून दृश्य प्रकाशापैकी सुमारे ९२ टक्के पार जातो, साध्या काचेतून जवळजवळ ९०. उरलेला प्रामुख्याने दोन पृष्ठभागांवरून परावर्तित होतो, दर पृष्ठभागाला सुमारे ४ टक्के. काचेच्या हिरवटपणाची चर्चा फार होते. चार-पाच मिलिमीटर जाडीत तो फारसा नडत नाही. पुसायची राहून गेलेली काच त्याहून कितीतरी जास्त प्रकाश खाते. ॲक्रिलिकचे खरे दुखणे दुसरेच: ते ओल शोषून वाकते आणि त्यावर चटकन ओरखडे उठतात.

कोकणात मीठ दोन्ही बाजूंनी येते. टाकीतले खालून आणि समुद्राचे खिडकीतून. दिवसा खारे वारे, रात्री मतलई वारे हा धडा शाळेत सगळेच शिकतात, पण तो घरातल्या टाकीला लावून पाहणारे थोडे. पंख्याने गार होणारा दिवा मागून हवा ओढतो. खिडकी समुद्राच्या तोंडाला आणि दुपारी सताड उघडी असेल, तर पुढचे आवरण कितीही चोख असले तरी मीठ मागच्या दाराने आत येते. ज्या घरात खिडकीचे गज दर दोन वर्षांनी रंगवावे लागतात, तिथे पंख्याविना थंड होणारा आणि आतल्या सर्किटवर संरक्षक लेप दिलेला दिवा परवडतो, महाग असला तरी. आयपी ६५ असा शिक्का असलेला दिवा धुळीपासून आणि पाण्याच्या फवाऱ्यापासून सुरक्षित मानला जातो.

पूर्ण बंद दिव्याचीही एक खोड आहे. दिवा बंद झाला की आतली हवा आकसते आणि बारीक फटींतून बाहेरची दमट हवा आत घेते. आषाढात सकाळी आवरणाच्या आतल्या बाजूला दवासारखे थेंब दिसतात ते या रात्रभराच्या श्वासाने. पडवीला झापं लावून झड अडवता येते, दमटपणा अडत नाही. पुसून काढता येणारे, एका बाजूने सुटणारे आवरण म्हणूनच इथे जास्त उपयोगी पडते.

पुसण्याची रीत साधी, पण घाई नडते. कोरडे मीठ फडक्याने खरवडले की प्रत्येक स्फटिक एक चरा पाडतो. दिवा बंद करून, प्लग काढून, थंड होऊ द्यावा. मग टाकीत भरण्यासाठी ठेवलेल्या आरओच्या पाण्याने फडके चिंब करून ते काही मिनिटे पट्टीवर नुसते ठेवावे. मीठ आपोआप विरघळते. किनाऱ्यालगतच्या मचूळ विहिरीचे पाणी वापरले तर जुने डाग जाऊन नवे येतात. ॲक्रिलिकवर स्पिरिट किंवा अमोनिया असलेला काच पुसायचा फवारा मारू नये, केसासारख्या भेगा पडतात. आठवड्याला एकदा हा बेत बरा. महिनोन्महिने साचलेला थर एका दिवशी काढला तर मंद उजेडाला सरावलेल्या प्रवाळांवर प्रकाश एकदम आदळतो आणि ती पांढरी पडू शकतात. अशा वेळी एलईडीचा जोर आधी कमी करून आठ-पंधरा दिवसांत हळूहळू वाढवतात.

आवरण असले तरी विजेची काळजी सुटत नाही. दिव्याची वायर सॉकेटच्या खाली झोळीसारखी लोंबती ठेवावी, म्हणजे वायरीवरून ओघळणारा थेंब तळाशीच गळून पडतो. टाकीच्या जोडणीवर ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळू लागताच पुरवठा तोडणारा स्विच, वायरमनकडून बसवून घ्यावा आणि त्यावरचे ‘टेस्ट’ बटण महिन्यातून एकदा दाबून पाहावे. बटण दाबल्यावर तो पडला नाही, तर दुरुस्ती होईपर्यंत टाकीत हात घालू नये.