निकूद : हिब्रू स्वरचिन्हांचे वाचन

निकूद म्हणजे हिब्रू अक्षरांच्या खाली, वर किंवा पोटात दिली जाणारी टिंबे व बारीक रेघा. हिब्रूची २२ अक्षरे ही सगळी व्यंजने. त्यांपैकी आलेफ, हे, वाव आणि योद यांच्याकडून पूर्वीपासून स्वर सुचवण्याचेही काम घेतले जाई, पण ते अपुरे पडे. बायबलचा पठणपाठ बिघडू नये म्हणून गालील सरोवराकाठच्या तिबेरिया गावातील मसोरा (म्हणजे बायबलचा परंपरागत पाठ) जपणाऱ्या ज्यू पंडितांनी इ.स. सातव्या ते दहाव्या शतकांच्या दरम्यान आजची चिन्हपद्धती बसवली. सिनेगॉगमधील तोराची (बायबलच्या पहिल्या पाच ग्रंथांची) गुंडाळी मात्र अजूनही चिन्हांविना लिहितात.

आजच्या इस्रायली उच्चारात स्वर पाचच आहेत आणि ऱ्हस्व-दीर्घाची भानगड नाही. आडवी रेघ (पताह) आणि तिला खाली पाय फुटला की होणारा कामात्स, दोन्ही 'आ'. शेजारी-शेजारी दोन टिंबे (त्सेरे) किंवा तीन टिंबांचा त्रिकोण (सेगोल) 'ए'. खाली एकच टिंब (हिरिक) 'इ'. वर टिंब (होलाम) 'ओ'. तीन तिरकी टिंबे (कुबुत्स) किंवा वावच्या पोटात टिंब (शुरुक) 'उ'. बारीक छपाईत वावचे टिंब वर आहे की पोटात, हे नवख्याला चटकन दिसत नाही.

मराठी वाचकाला हे प्रकरण फारसे परके वाटू नये. एक व्यंजन धरून त्याला सगळी चिन्हे लावत जाणे ही बाराखडीच. शब्दारंभी स्वर आला तर तो आलेफच्या आधाराने लिहितात. सावरकरांच्या लिपिसुधारणेतील 'अि, अु, अे' आठवावे. बेने इस्राएलींसाठी, म्हणजे कोकणातल्या मराठीभाषक ज्यूंसाठी, स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी मराठीतून लिहिलेले हिब्रू व्याकरण १८३२ मध्येच मुंबईत निघाले होते.

चिन्हांची किंमत कळायला समेख, पे, रेश ही तीन अक्षरे पुरतात. त्सेरे आणि सेगोल दिले की 'सेफेर', म्हणजे पुस्तक. कामात्स आणि पताह दिले की 'साफार', त्याने मोजले. पताह आणि कामात्स असा क्रम लावून पेच्या पोटात दागेशचे टिंब टाकले, की 'फ'चा 'प' होऊन 'सापार' म्हणजे न्हावी तयार.

खरी अडचण तीन ठिकाणी येते. उभी दोन टिंबे म्हणजे शेवा: शब्दाच्या शेवटी तो मुका असतो, सुरुवातीला कधी ओझरता 'ए' होतो ('बेरेशित'), तर कधी बोलण्यात गळतो ('स्फारिम', पुस्तके). कामात्स काही शब्दांत 'ओ' वाचावा लागतो. 'खोख्मा' (शहाणपण) हा नेहमीचा दाखला. आणि 'रुआख'सारख्या शब्दात शेवटच्या अक्षराखालचा पताह त्या अक्षराच्या आधी उच्चारतात. ईश्वराचे चार अक्षरी नाव तर चिन्हांबरहुकूम वाचायचेच नसते. त्याला लावलेली चिन्हे मुळात 'अदोनाय' या शब्दाची, आणि वाचायचेही तेच. ती अक्षरे व ही चिन्हे एकत्र वाचल्यामुळे 'यहोवा' हे रूप रूढ झाले.

बालपुस्तके, कविता, प्रार्थनापुस्तके आणि शब्दकोश यांत निकूद असतो, वर्तमानपत्रांत नसतो. तिथे त्याची भरपाई जादा वाव-योद घालून करतात. त्यामुळे 'सिपेर' (त्याने सांगितले) हा निकूदसह तीन अक्षरांचा शब्द वर्तमानपत्रात मधल्या योदसकट चार अक्षरांचा होतो.