हँडल आहे म्हणून फोनो होत नाही

बेळगावचा खडेबाजार घ्या नाहीतर निपाणी-चिकोडी, जुन्या वस्तूंत हँडलाची लाकडी पेटी दिसली की लगेच ‘फोनो आहे की हो’. फोनो कुणाला सांगायला नको. तबकडी, सुई, कर्णा. सुळेभावीचे कुमार गंधर्व लहानपणी ज्याच्यावर बुजुर्गांच्या तबकड्या ऐकून हुबेहूब गायचे, तोच. (कुत्र्याचं चित्र डकवलेले चकचकीत पितळी कर्ण्याचे नवे ‘अँटिक’ फोनो मी मोजतसुद्धा नाही.)

दुसरी पेटी म्हणजे रोलर ऑर्गन. अमेरिकेतल्या इथाका गावच्या ऑटोफोन कंपनीचा ‘जेम’ त्यातला नावाजलेला. १८८० च्या दशकातला. तबकडीच्या जागी लाकडी रोलर, त्यावर मक्याच्या दाण्यांसारखे ओळीने ठोकलेले बारीक खिळे. एका रोलरवर एकच चाल. एडिसनच्या फोनोलाही नळकांडंच असतं, पण ते मेणाचं आणि त्यावर बारीक खाच, खिळे नाहीत. झालं.

खरी गोम हँडलात आहे. फोनोचं हँडल फक्त स्प्रिंग भरतं. पुढचं काम स्प्रिंगचं, आणि गव्हर्नर (वेग आवरणारी यंत्रणा) तबकडीला मिनिटाला ७८ च्या आसपास फेऱ्यांवर धरून ठेवतो. तुम्ही किल्ली हळू भरा की जोरात, गाण्याला त्याचं काही नाही. रोलर ऑर्गनमध्ये स्प्रिंगसारखी साठवण नाहीच. एकच हात एकाच वेळी भाता हलवतो आणि रोलर फिरवतो. खिळा कळ उचलतो, झडप उघडते, हवा पितळी रीडमधून जाते. रीड आपल्या बाजाच्या पेटीत असते त्याच जातीची. जेममध्ये अशा वीस. हात थांबला की सूर थांबला. लोक मात्र वीस-पंचवीस वेढे देतात, मध्येच काहीतरी वाजून जातं तिकडे लक्ष नाही, आणि मग ‘किल्ली भरली’ म्हणून हात सोडून वाट बघत बसतात!

दुकानात शंका आली तर हँडल वेगाने फिरवून बघा. रोलर ऑर्गनची लय चढेल, सुरांची पट्टी जागची हलणार नाही, कारण स्वर रीडच्या लांबी-जाडीवर ठरलेला. फोनोला हँडलाच्या वेगाने काही होत नाही, पण तबकडीच वेगाने फिरली तर लय आणि पट्टी दोन्ही चढतात, गवयाचं पोर होतं. स्प्रिंग उतरत आली की उलट, आवाज रेकत खाली येतो. फोनोत कुणीतरी पूर्वी गायलेलं ऐकू येतं. रोलर ऑर्गनचा नाद तिथल्या तिथे तयार होतो. म्हणून त्याला ‘रेकॉर्ड कुठली आहे’ विचारू नये. मींड (सुरावरून सुरावर घसरणं) नाही, आंदोलन (सुराचा हलका झुलावा) नाही. त्यावर मुलतानी राग शोधणाऱ्याला कोपरापासून नमस्कार.

मला विचाराल तर ऐकायला फोनो, पण उघडून बघायला रोलर ऑर्गनच. आणि तो बंद पडला तर ‘स्प्रिंग तुटली’ म्हणत घड्याळवाल्याकडे नेऊ नका. भात्याचं चामडं फाटलेलं असतं बहुतेक. सरळ मिरजेला, पेटी दुरुस्त करणाऱ्याकडे.