जँगोमध्ये दोन अटी: एकाच कंसात की साखळीत?

जँगो या पायथॉनच्या वेब फ्रेमवर्कमध्ये डेटाबेसमधून नोंदी निवडताना फिल्टर(अ, ब) लिहा नाहीतर फिल्टर(अ).फिल्टर(ब) अशी साखळी लिहा, उत्तर एकच, असं शिकताना मी धरून चाललो होतो. अटी टेबलाच्या स्वतःच्या कॉलमवर असतील तर ते खरंच आहे. घोळ होतो तो एका नोंदीला अनेक नोंदी जोडलेल्या असतात तिथे.

लेखक आणि पुस्तक अशी दोन मॉडेलं (टेबलाचं वर्णन करणारे क्लास) घ्या. पुस्तकात लेखकाची फॉरेन की, म्हणजे ते कोणत्या लेखकाचं हे सांगणारा दुवा. २००८ साली ज्यांचा कवितासंग्रह आला असे लेखक हवे आहेत. प्रकार आणि साल एकाच कंसात दिलं, तर पुस्तकांचं टेबल लेखकांच्या टेबलाला एकदाच जोडलं जातं (जॉइन होतं) आणि दोन्ही अटी एकाच पुस्तकाला लागतात. साखळी लावली की तेच टेबल दोनदा जॉइन होतं. मग १९९५ साली कवितासंग्रह आणि २००८ साली कादंबरी आलेली लेखिकाही यादीत येते. एरर काहीच नाही, यादी दिसायला बरोबर. म्हणून ही चूक मला फार घातक वाटते.

नोंदींची पुनरावृत्ती होते ती वेगळीच. एखाद्याचे तीन कवितासंग्रह आणि २००८ सालची दोन पुस्तकं असतील, तर साखळीत त्याचं नाव सहा वेळा येतं. पुनरावृत्ती गाळणारं डिस्टिंक्ट लावून नावं एकेकदाच दिसतील, पण अट चुकलेली ती चुकलेलीच. शंका आली की क्वेरीसेटची (फिल्टरमधून मिळणाऱ्या नोंदींच्या संचाची) क्वेरी, म्हणजे त्यामागचं एसक्यूएल, प्रिंट करून जॉइन मोजावेत. मी आता नेहमी तेच करतो.

पण म्हणून साखळी वाईट नाही. ‘आंबा’ आणि ‘लोणचं’ हे दोन्ही टॅग असलेल्या पाककृती हव्या असतील तर साखळीच लागते. एकाच फिल्टरमध्ये दोन क्यू (अट लिहिण्याचे जँगोचे ऑब्जेक्ट) ‘आणि’ने जोडले, तर एकाच टॅगचं नाव आंबाही हवं आणि लोणचंही, असा अर्थ होतो, हाती शून्य.

अटीत बसणाऱ्या नोंदी वगळणारं एक्सक्लूड मात्र या नियमात बसत नाही. तिथे एकाच कंसात प्रकार आणि साल दिलं तरी अटी एकाच पुस्तकाला बांधलेल्या नसतात, त्यामुळे वरची लेखिका विनाकारण वगळली जाते. त्यासाठी आधी २००८ सालचे कवितासंग्रह पुस्तकांच्या मॉडेलवरच फिल्टर करायचे आणि तो क्वेरीसेट ‘इन’ लुकअपने (‘यांपैकी एखादं’ अशा अटीने) एक्सक्लूडला द्यायचा.