बेरोजगारी घटली, की बायका घरी बसल्या?

अरब देशांतल्या महिलांच्या नोकऱ्यांबद्दल बातमी आली की दोन आकड्यांची हमखास गल्लत होते: बेरोजगारीचा दर आणि श्रमशक्तीतला सहभाग.

जॉर्डन घ्या. कामाच्या वयाच्या शंभर बायका धरा. त्यांतल्या साधारण पंधराच जणी नोकरी करतात किंवा शोधतात. हा झाला सहभाग, जगातल्या सर्वांत कमींपैकी. या पंधरांतल्या समजा चौघींना काम मिळालेलं नाही. बेरोजगारी काढताना भागायचं पंधराने, शंभराने नव्हे. उत्तर सुमारे २७ टक्के. उरलेल्या पंच्याऐंशी जणी हिशेबात नाहीतच. आता त्या चौघींनी कंटाळून अर्ज करणं सोडलं, तर बेरोजगारी थेट शून्य! नोकरी एकीलाही लागली नाही, आकडा मात्र देखणा.

त्या पंच्याऐंशी जणी शिकलेल्या नसतील, असंही समजू नका. जॉर्डनच्या विद्यापीठांत मुलींची संख्या मुलांपेक्षा जास्त आहे. घोडं अडतं ते कामावर नेणाऱ्या बसपाशी आणि पाळणाघरापाशी. जुन्या कामगार कायद्यात किमान वीस विवाहित महिला कामाला असल्या आणि त्यांची दहा लहान मुलं असली, तर पाळणाघराची सोय मालकाने करायची होती. मग विसावी बाई घ्यायचीच कशाला, असं एखाद्या मालकाला वाटलं तर नवल काय? २०१९ मध्ये ही अट बदलली. आता बापांचीही मुलं मोजतात.

सौदीत २०१२ पर्यंत अंतर्वस्त्रांच्या दुकानातही विक्रेता बहुधा पुरुषच असे. बाईने आपलं माप परक्या माणसाला सांगायचं! ती दुकानं बायकांच्या हाती आली, जून २०१८ मध्ये गाडी चालवायची मुभा मिळाली आणि पगारातून ड्रायव्हरला द्यावा लागणारा वाटा वाचला. ‘व्हिजन २०३०’ या सौदी सरकारच्या विकास आराखड्याने बायकांच्या सहभागाचं लक्ष्य ३० टक्के ठेवलं होतं, ते मुदतीच्या बरंच आधी ओलांडलं गेलं. या काळात तिथली बेरोजगारीही उतरली. एरवी नव्याने काम शोधणाऱ्या वाढल्या की बेरोजगारी आधी चढते, आणि ते चढणं शुभलक्षणही असू शकतं.

कतारचे तर दोन्ही आकडे झकास: बेरोजगारी नावापुरती, सहभाग निम्म्याहून जास्त. पण त्यांत घरकामाला आलेल्या परदेशी बायकाही मोजलेल्या असतात. फक्त कतारी बायकांचा सहभाग काढला की तो बराच खाली येतो.