काचचित्रांतले पुसट चेहरे आणि टाकणखार

इंग्लंडमधल्या गावोगावच्या चर्चमध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या काळातील काही काचचित्रांत संताचा लाल झगा आजही झळझळतो आणि चेहऱ्याच्या जागी मात्र जवळजवळ कोरी काच उरलेली दिसते. उन्हाने रंग विटला, असे सहज सांगितले जाते. पण ऊन तर झग्यावरही तेवढेच पडलेले असते.

या काचेत निळा रंग कोबाल्टच्या ऑक्साइडमुळे अंगातच मुरलेला असतो. तांब्याचा लाल रंग तर इतका गडद, की पूर्ण जाडीत तो काळाच दिसेल, म्हणून साध्या काचेवर लाल काचेचा पातळ थर चढवतात. नाक, डोळे, बोटे यांच्या रेषा मात्र वरून काढलेल्या असतात. लोखंडाच्या ऑक्साइडची पूड आणि लवकर वितळणाऱ्या शिसेयुक्त काचेची भुकटी एकत्र कालवून ब्रशने लावतात आणि सहाशे अंश सेल्सिअसच्या वर भट्टीत भाजतात. भुकटी वितळून खालच्या काचेशी एकजीव झाली, तरच रेषा टिकते.

घात झाला तो इथेच. काचेवरचा कर १८४५ मध्ये रद्द झाला होता, नवी चर्च उभी राहत होती, मागणी वाढत होती. अशा काळात भाजणी कमी तापमानात व्हावी म्हणून रंगात टाकणखार (बोरॅक्स, म्हणजे सोडियम आणि बोरॉन यांचा क्षार) मिसळला जाऊ लागला. त्याने वितळणबिंदू उतरतो खरा, पण त्यातून बनणारी सोडियम-बोरेटयुक्त काच पाण्यापुढे टिकत नाही. थंडीत गार पडलेल्या खिडकीवर आतल्या हवेतली वाफ निवते, रंगवलेल्या रेषाही बहुतेक आतल्याच बाजूला असतात, आणि ते पाणी वर्षानुवर्षे सोडियम व बोरॉन विरघळवून नेते. धरून ठेवणारी काच गेली, की लोखंडाचे कण भुकटी होऊन सुटतात. विल्यम मॉरिस यांच्या नामांकित कंपनीची कामेही यातून सुटली नाहीत.

मूळ काच पुन्हा रंगवून भाजली, तर उरलेल्या रेषाही धोक्यात येतात. म्हणून हरवलेला चेहरा पातळ पारदर्शक काचेवर रेखून ती मूळ काचेमागे बसवतात. शिवाय काचचित्र थोडे आत सरकवून बाहेर साधी काच लावतात आणि मधल्या फटीत चर्चमधली हवा खेळती ठेवतात, म्हणजे चित्राच्या दोन्ही बाजूंना जवळपास सारखेच तापमान राहून त्यावर पाणी धरत नाही. निधी अपुरा असेल, तर माझ्या मते चेहऱ्याआधी ही बाहेरची काच बसवावी.