आडवी बाटली करायचीय? आधी मतदार यादी उघडून बसा

गावातलं दारू दुकान बंद करायला मतदान घेता येतं हे आता बऱ्याच बायांना माहितीय, पण अर्ज का फेटाळला जातो ते कोणी नीट सांगत नाही म्हणून हे लिहितेय. गेली काही वर्षं बचत गटाच्या बायांबरोबर या कामासाठी हेलपाटे घातलेत, आणि त्याच त्याच जागी सगळ्या अडकताना बघितल्यात.

नियम 2008 च्या शासन आदेशाचा आहे. गावातल्या (शहरात असाल तर प्रभागातल्या) एकूण महिला मतदारांपैकी किंवा एकूण मतदारांपैकी किमान 25 टक्के लोकांनी सह्यांचं निवेदन द्यायचं. ते राज्य उत्पादन शुल्क अधीक्षकांकडे जातं, सह्या तपासल्या जातात, मग जिल्हाधिकारी गुप्त मतदान लावतात. उभी बाटली म्हणजे दुकान चालू, आडवी म्हणजे बंद. नुसता ग्रामसभेचा ठराव दिला म्हणून दुकान बंद होत नाही, मतदान लागतंच.

आता सगळ्यात मोठी गफलत. जिंकायला 50 टक्क्यांपेक्षा जास्त मतं लागतात ती एकूण मतदारांच्या, आलेल्यांच्या नाही. समजा यादीत 1000 बाया आहेत, मतदानाला 480 आल्या आणि त्यातल्या 470 जणींनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला, तरी दुकान चालूच राहतं! 501 लागतात. घरी बसलेली प्रत्येक बाई दुकानाच्याच बाजूने मोजली जाते असं समजा.

आणि त्या 1000 मध्ये कोण कोण असतं बघा. वारलेल्या सासूबाई, लग्न होऊन दहा वर्षांपूर्वी सासरी गेलेल्या लेकी, कामासाठी शहरात गेलेली कुटुंबं. म्हणून अर्जाच्या आधी तहसीलच्या निवडणूक शाखेतून चालू यादी घ्या, बीएलओला (आपल्या मतदान केंद्राची यादी सांभाळणारा अधिकारी) सोबत घेऊन घरोघर फिरा आणि वारलेल्यांची, कायमची गेलेल्यांची नावं फॉर्म 7 भरून कमी करून घ्या. याला वेळ लागतो, कंटाळा येतो, पण हे न करता घाईने अर्ज दिला की पुढची सगळी मेहनत पाण्यात जाते.

दुसरा अडथळा सह्यांच्या पडताळणीचा. 25 टक्क्यांवर मोजून दोन-चार सह्या जास्त घेऊन जाऊ नका, चांगल्या 35-40 टक्के घ्या, कारण पडताळणीला सगळ्या येत नाहीत. अधिकारी येणार अकराला म्हणून बायांनी मजुरीचा खाडा करून बसायचं आणि साहेब उगवणार तीनला, तोवर निम्म्या गेलेल्या असतात! त्यामुळे तारीख लेखी मागा, बाजाराचा दिवस आणि सोयाबीन काढणीचे दिवस टाळा असं पत्रातच लिहा, आणि पत्राची पोच घ्या. पोच नसेल तर अर्ज दिलाच नाही असं धरा.

सहीच्या कागदावर यादीतलाच अनुक्रमांक आणि यादीतलंच नाव लिहायचं. एका गावात एका काकूंचं नाव यादीत माहेरच्या आडनावाने होतं, त्यांनी सही सासरच्या आडनावाने केली, सही बाद. शेजारच्या आजींचा अंगठा होता पण खाली कुणाचा ते लिहिलेलंच नव्हतं, तोही बाद. अंगठ्याखाली नाव लिहा, पडताळणीला प्रत्येकीने मतदान कार्ड किंवा आधार सोबत ठेवा.

निवेदनात दुकानाचं नाव, पत्ता आणि प्रकार (देशी दारू, बीअर शॉपी, परमिट रूम) स्पष्ट टाका. शाळेपासूनच्या अंतराची तक्रार यात मिसळू नका, ती वेगळ्या अर्जाने करा. गावठीचे अड्डे यात येतच नाहीत, त्यांना परवानाच नसतो, ते काम पोलिसांचं.

मतदानाच्या आधी कागदावर दोन्ही बाटल्या काढून बायांना दाखवा. हे बारीक वाटेल, पण दारूच्या रागाने उभ्या बाटलीवरच शिक्का मारलेल्या बाया मी बघितल्यात, त्यांना वाटलं जी नको तिच्यावर मारायचा. एकीला बाहेर आल्यावर कळलं, ती तिथेच शाळेच्या पायरीवर डोक्याला हात लावून बसली. मग पुढच्या गावात आम्ही आदल्या रात्री घरोघरी खडूने पाटीवर बाटली काढून दाखवली, आडवी पडलेली, आणि प्रत्येकीकडून त्यावर बोट ठेवून घेतलं.